दोन्ही नावे एकाच व्यक्तीची

प्रिय ठकूबाई,

तुझी फाइल तयार झाली. निळी आहे, रबर लावलेली. तुझ्या आईने कागदांवर आकडे घातलेत, एक ते एकोणचाळीस, आणि मी एकेक कागद पदराने पुसून घेतलाय, धूळ नव्हती तरी. माझी नात परदेशी शिकायला चालली हे मी दूधवाल्याला सांगितलं, औषधाच्या दुकानात सांगितलं, समोरच्या विसरभोळ्या मास्तरांना तर तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्यांना नव्याने आनंद झाला, म्हणून ते मला आवडतात. तुझी आई म्हणते, अजून व्हिसा कुठे मिळालाय, मंगळवारी खिडकीवर फाइल द्यायची आहे, तोवर जीभ जरा आवरा. मी म्हटलं, आनंदाला कुठला व्हिसा लागतो, बाई.

तुझा फोटो पाहिला. हसायचं नाही असा नियम आहे म्हणे. तुला न हसता बसवायचं म्हणजे फोटोवाल्याला घाम फुटला असेल. पण केस मागे घेतल्यामुळे कळलं की कान माझे उचललेस, सुपासारखे. या कानांवरून तू मला काय कमी छळलंस? दवाखान्यात माझं नाव पुकारलं की मी लगेच उठत नाही, दोन-तीन हाका जाऊ देते, म्हणून मला ओढत कानाच्या डॉक्टरकडे नेलंस. टाचणी पडली तरी यांना ऐकू येईल, असं त्यांनी लिहून दिलं. तेव्हा तू म्हणालीस, मग आजी नाटकी आहे. आणि बँकेत मी अंगठा लावते म्हणून तुला लाज वाटायची. घराच्या कागदावर झोकात सही करतेस, मग इथे काय होतं, म्हणायचीस. मी म्हणायचे, बोट तयारच असतं, पेन शोधावं लागतं. असू दे. ते पुढे येईलच.

तर झालं असं. तुझ्या खर्चाला मी उभी आहे हे दाखवायला माझे कागद लागले. घराच्या कागदावर माझं शाळेतलं नाव. बँकेचं खातं उघडलं तुझ्या आजोबांनी. त्यांना ते नाव कधी रुचलं नाही, जड वाटतं म्हणायचे. ते मला माझ्या लहानपणच्या हाकेने चिमणीच म्हणत, आणि पासबुकावरही चिमणीच लिहवून आले. फॉर्म भरून देणारा म्हणाला, आजी, साहेब विचारतील या दोन बायका कोण. तुझ्या आईचा चेहरा उतरला. तो म्हणाला, घाबरू नका, स्टॅम्पच्या कागदावर लिहून द्यायचं की दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत. रोज दहा जण देतात, कुणाचं काही बिघडत नाही.

वकिलाचं ऑफिस जिन्याखाली आहे. एक पंखा, तोही वकिलाकडेच तोंड करून. बाकावर बसलो. माझं नाव पुकारलं, मी बसूनच. दुसऱ्यांदा पुकारलं, तुझ्या आईने कोपर मारलं. आत गेल्यावर वकिलाने वाचून दाखवलं, की वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे, दुसरी कोणीही नाही, हे मी शपथेवर सांगते. मग चष्म्यावरून बघत म्हणाला, काय आजी, दोन्ही तुम्हीच ना? होय म्हणायचं होतं गं. तोंडातून निघालं, हजर.

वकील हसला, टाइप करणारी हसली, तुझी आई तर डोळे पुसेपर्यंत हसली. मीही हसले. सही केली. शिक्का बसला. घरी येईपर्यंत तुझी आई मला हजर, हजर करून चिडवत होती.

ठकू मी तुला म्हणते, पण ठकवलं मी. आता ऐक.

मला एक मोठी बहीण होती. आठ वर्षांची. तुझ्या बापालाही हे माहीत नाही. शाळेच्या सुट्टीत तिला ताप आला आणि चार दिवसांत ती गेली. मी पाच वर्षांची. शाळा उघडली तेव्हा बाबा तिचं नाव कमी करायला निघाले. आई चुलीजवळ पाठ करून बसली होती. ती एवढंच म्हणाली, नाव खोडू नका. बाबा उंबऱ्यातून मागे फिरले. मग त्यांनी माझा हात धरला. तिचा झगा मला घातला, खालची शिवण आत दुमडून. वर्गाच्या दारात वाकून म्हणाले, ते नाव घेतलं की हजर म्हणायचं.

मी म्हटलं. गुरुजींनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, बाहेर बाबांकडे पाहिलं, आणि हजेरीपटावर खूण केली. एवढंच. मुलींना मात्र माहीत होतं. बाकावर माझ्या शेजारी कुणी बसेना. मला अ येत नव्हता आणि बसले होते वरच्या वर्गात, त्यामुळे जे गेलं ते डोक्यावरून गेलं, आणि चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. तिच्या पाटीच्या चौकटीवर तिने खिळ्याने नाव कोरलं होतं. ते गिरवत मी सही शिकले. तुला जी झोकदार वाटते ना, ती सही तिच्या अक्षरातली आहे. बाकीची अक्षरं पुढे तुझ्या बापाच्या पुस्तकांतून जुळवली, पण चिमणी अशी सही मला कुणी शिकवलीच नाही, म्हणून बँकेत अंगठा.

आई दरवर्षी त्या झग्याची शिवण थोडी उसवून खाली सोडायची. शिवण संपली तोवर तीही मला बहिणीच्याच नावाने हाक मारायला लागली होती. त्यानंतर घरात तिचा विषय निघाला नाही. तिच्या जाण्याचा दाखलाही कुणी काढला नाही. काढणार कसा, ती तर शाळेत जात होती.

मी बहिरी नाही, ठकू. ते नाव पुकारलं की मला अजून शेजारून कुणीतरी उठल्यासारखं वाटतं. ती उठेपर्यंत मी थांबते. मग मी उठते. तुम्ही पंचाहत्तरावा वाढदिवस केलात, तेव्हा मेणबत्त्या विझवायला मी उशीर केला आणि सगळे ओरडत होते, आठवतं? पंचाहत्तर तिची होती. मी बहात्तरची.

चार दिवस हे पत्र लिहिते आहे, तुझ्या आईला न दाखवता. ते नाव यात कुठे लिहिलं नाही, तुला पाठच आहे. आजवर मी तिचं नाव वापरलं, पण ती नव्हतीच असं कधी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी वकिलाकडे शपथेवर सांगून आले, दुसरी कोणीही नाही. तू जावंस म्हणून सांगितलं, आणि पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगेन. पण आम्ही दोघी होतो असं सांगणारा एक तरी कागद असावा, म्हणून हा चाळिसावा. सगळ्यात खाली ठेवलाय. खिडकीवर देताना काढून घे, पण टाकू नकोस, सोबत ने. आणि तिथे वर्गात तुझं नाव घेतील तेव्हा पहिल्या हाकेला उठ. थांबायचं काम माझ्याकडे आहे.

खालची सही वेडीवाकडी आली आहे. पहिल्यांदाच करते आहे.

तुझीच,
चिमणी