वाटी खाली ठेवायची

बाबा, त्या दिवशी आमटीची वाटी तुमच्या हातात पोचली होती की नव्हती, हे मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, मी चोपन्नची झाले, आणि गेले तीन आठवडे मी पुन्हा त्या वाटीपाशी येऊन अडकले आहे. मी दहा वर्षांची होते. आई शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. तुम्ही पहिल्या पाळीवरून येऊन पाटावर बसला होतात आणि मी मोठ्या बाईचा आव आणून तुम्हाला वाढत होते. घरातला नियम मला पाठ होता. कुठलीही वस्तू हातातून हातात द्यायची नाही, खाली ठेवायची, मग दुसऱ्याने उचलायची. इतरांच्या घरी हा नियम मिठापुरता असतो, मीठ हातात दिलं की भांडण होतं म्हणतात. आपल्या घरी तो चहाच्या कपाला होता, कात्रीला होता, वर्तमानपत्रालासुद्धा होता. आई म्हणायची, तुमच्या आजीने तुम्हाला सोवळ्यात वाढवलं त्याचा हा परिणाम. त्या दिवशी मात्र तुम्ही दमला होतात आणि सवयीने नाही, विसरून हात पुढे केलात. मला वाटलं वाटी तुमच्या बोटांना टेकली. मी सोडली. तुम्हाला वाटलं असणार, अजून यायची आहे. गरम आमटी तुमच्या पायावर सांडली आणि तुम्ही माझ्या थोबाडीत मारलीत. आयुष्यात एकदाच. "किती वेळा सांगितलं, खाली ठेवायची. मधलं अंतर कुणाला दिसतं?" असं तुम्ही म्हणालात. की हे शेवटचं वाक्य मी या तीन आठवड्यांत स्वतःच तयार केलं? तेही आता छातीठोकपणे सांगता येत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी मी चष्म्याचा नंबर तपासायला इथे बडोद्यातच, सुभानपुऱ्यातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. वयाने माझ्या मुलीएवढी, भारी हौशी. नंबर काढून झाल्यावर तिने मला एक काळा चष्मा घालायला दिला आणि समोर एक पुस्तक धरलं. पानभर एक मोठी माशी. "बेन, आ माखीनी पांख चपटीमां पकडो." माशीचा पंख चिमटीत धरा म्हणे. मी पंखावर बोट ठेवलं. "ना ना, कागळने न अडको. पांख हवामां छे ने, त्यां पकडो." कागदाला न शिवता हवेतला पंख धरायचा! मला वाटलं पोरगी माझी थट्टा करते आहे. हवेत काहीही नव्हतं, होती ती कागदावर छापलेली माशी. शेवटी तिने बाहेर नंबर लावून बसलेल्या एका आजोबांना आत बोलावलं, तोच चष्मा त्यांना घातला, आणि बाबा, ते आजोबा दचकले. मग त्यांनी कागदाच्या चांगलं चार बोटं वर, रिकाम्या हवेत चिमूट धरली आणि हसले. मी त्या चिमटीकडे बघत राहिले. त्यात काय होतं ते मला आजही माहीत नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला बसवून समजावलं. माझा एकेक डोळा चांगला आहे. पण प्रत्येक डोळा जग जरा वेगळ्या जागेवरून बघतो, आणि त्या दोन चित्रांतला फरक जुळवून मेंदू खोली तयार करतो. खोली म्हणजे काय जवळ, काय लांब. "तमारा मगजे नानपणमां ज नक्की करी लीधुं के एक वखते एक ज आंखनुं सांभळवुं," ती म्हणाली. लहानपणीच ठरवून टाकलं, एका वेळी एकाच डोळ्याचं ऐकायचं. मला कारखान्यातल्या पाळ्या आठवल्या. एक पहिल्या पाळीला, एक दुसऱ्या पाळीला, फाटकात कधीतरी दिसले तर दिसले, एकत्र काम म्हणून कधी केलंच नाही. मी म्हटलं, अहो, मी तीस वर्षं स्कूटर चालवते, पंचवीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली. ती म्हणाली, शिकवलीच असणार. मेंदूकडे दुसऱ्या पुष्कळ खुणा असतात. जवळची वस्तू लांबच्या वस्तूला झाकते, लांबचं लहान दिसतं, सावल्या पडतात, आणि आपण हललो की जवळचं भराभर सरकतं आणि लांबचं हळू. मग तिने विचारलं, समोरून बस येत असेल तर किती लांब आहे ते मला कसं कळतं. मी विचार न करता म्हटलं, मी डोकं हलवते. जे जास्त सरकतं ते जवळचं. तिने पेन खाली ठेवलं. "एवुं तमने कोणे शीखव्युं?"

तुम्ही, बाबा. दुसरं कोण?

दसरा आहे. छाणी गावाच्या पलीकडच्या तुमच्या कारखान्यात यंत्रांची पूजा आहे आणि आज घरच्यांना आत जाता येतं. मी आठ वर्षांची, नवा फ्रॉक घातलेली. शेडच्या छताखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत तुमची क्रेन, तिच्या हुकाला झेंडूचा हार. तुम्ही मला लोखंडी शिडीवरून केबिनमध्ये नेता. आई खालून ओरडते, "अहो, पडेल ती, मला नाही फावत हे असलं." वरून मला खालची माणसं फरशीवर काढलेल्या चित्रांसारखी दिसतात आणि हुक कुणाच्या डोक्यावर आहे की बाजूला ते काही कळत नाही. मी तसं म्हणते. तुम्ही वळून माझ्याकडे बघता. मग वाकून माझ्या कानाशी सांगता, "डोकं असं हलव, डावीकडे, उजवीकडे. हुक किती सरकतो बघ, फरशी किती सरकते बघ. जे जास्त सरकतं ते जवळचं. आणि खाली सोडताना सावली बघायची. वस्तू आणि तिची सावली एकमेकींना भेटल्या की टेकलं म्हणायचं." तुम्ही आणखी एक म्हणालात. "हे कुणाला सांगू नकोस." मला ते आपलं दोघांचं गुपित वाटलं आणि कितीतरी दिवस मी शाळेत डोकं हलवत फिरले. बाईंनी विचारलं, मान दुखते का.

आता एकेक गोष्ट आठवते आणि प्रत्येक आठवण दुसरीच्या अंगावर येऊन पडते. चहा ओतताना किटलीचं तोंड कपाच्या कडेला टेकवायचं, मगच ओतायचा, ही तुमची शिकवण. आभाळ भरून आलं की तुमच्या पोटात दुखायला लागायचं. आई चिडवायची की यांच्या पोटाला हवामान कळतं. बाबा, आभाळ भरल्यावर शेडमध्ये सावल्या पडत नसतील, म्हणून ना? संध्याकाळी दमलात की तुमचा डावा डोळा किंचित नाकाकडे सरकायचा आणि आई म्हणायची, झोप आली तुम्हाला. दरवर्षीच्या तपासणीत तुम्ही पास होत राहिलात, कारण तिथे एकेक डोळा झाकून अक्षरं वाचायला लावायचे आणि एकेक डोळा तर चांगलाच होता. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या पाळीतले एक गृहस्थ सावली गावाहून आले होते, खाली उभं राहून तुम्हाला हाताने खुणा करायचे ते. रडत रडत म्हणाले, "काकानो लोड एटले जाणे फूल मूक्युं होय." काकांनी ओझं उतरवलं की जणू फूल ठेवलं. सगळ्या कारखान्यात तुम्ही सर्वांत हळू चालवायचात म्हणे, वरचे साहेब कावायचे, पण तुमच्या हातून कधी काही पडलं नाही. मला तेव्हा अभिमान वाटला होता. आता तेच वाक्य मला वेगळं ऐकू येतं. खाली माणसं उभी असायची, बाबा. हेच गृहस्थ उभे असायचे. तुम्हाला माहीत होतं का? की तुम्हाला वाटायचं सगळं जग असंच बघतं, डोकं हलवून आणि सावल्या जुळवून? मलाही परवापर्यंत तसंच वाटत होतं. मी तुम्हाला कुठल्या तोंडाने विचारू?

पण मला खरं विचारायचं आहे ते हे नाहीच. डॉक्टरीणबाई मी निघताना म्हणाली की हे घराण्यात असू शकतं, आणि मूल लहान असतानाच दाखवलं तर चष्म्याने, व्यायामाने, कधी छोट्या ऑपरेशनने डोळ्यांची जोडी जुळवता येते. पुढे मेंदू पक्का होतो. आणि डॉक्टर मग आईवडिलांचेही डोळे तपासतात. हे शेवटचं ऐकलं आणि मला ते खेळणं आठवलं. डोळ्यांना लावून आत चित्रं बघायचं, लाल रंगाचं, खटका ओढला की पुढचं चित्र. दसऱ्यानंतरच्या महिन्यातच तुम्ही ते आणलंत. वाढदिवस नव्हता, काही नव्हतं. आधी तुम्ही बघितलंत, मग मला दिलंत, अर्थात टेबलावर ठेवून. "छान आहे ना?" मी म्हटलं, छान आहे. हत्तीचं चित्र होतं, चित्रासारखं चित्र. मग आईने डोळ्यांना लावलं आणि किंचाळलीच, "अगं बाई, सोंड अंगावर येते की काय!" आणि तिने खरोखर हात पुढे केला सोंड धरायला. तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत. निदान मला तसं आठवतं. मी तुमच्याकडे बघितलं, आपण दोघंही आईला हसलो, आणि त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

तुम्ही ते खेळणं माझ्यासाठी आणलंत की माझी परीक्षा घ्यायला? परीक्षा घ्यायलाच आणलं असेल तर मी तुमच्यासमोर नापास झाले. मग तुम्ही मला डॉक्टरकडे का नेलं नाहीत? मला नेलं असतं तर त्यांनी तुम्हालाही खुर्चीत बसवलं असतं, आणि क्रेन गेली असती. क्रेन म्हणजे घर, माझी शाळा, आईची औषधं, हे मला समजतं. पण समजतं म्हणून राग जात नाही. हो, मला राग आलाय बाबा, मेलेल्या माणसावर रागावणं किती वेडेपणाचं आहे ते ठाऊक असूनही आलाय. आणि लगेच दुसरं वाटतं. त्या काळी बडोद्यात असलं काही तपासत तरी होते का? कदाचित तुम्हीही माझ्याइतकेच गोंधळलेले होतात आणि जे तुम्हाला जमलं, ते सगळं, डोकं, सावली, किटलीची कड, मला देऊन टाकलंत. मग ती थोबाडीत कशाबद्दल होती? माझ्याबद्दल होती की त्या वाटीत तुम्हाला तुमचंच काही दिसलं म्हणून? मी सकाळी एक ठरवते आणि दुपारपर्यंत दुसरं.

आता पुढचं सांगते, हे सगळं लिहायला बसण्याचं कारण तेच आहे. मला साडेचार वर्षांची नात आहे. मुलगी सकाळी तिला माझ्याकडे सोडून ऑफिसला जाते आणि संध्याकाळी सहाला घ्यायला येते. तिच्यासाठी मी शाळेतली नोकरी सोडली. बालवाडीत तिला मीच स्कूटरवर पुढे उभी करून नेते, आणि दिवसातली तेवढी दहा मिनिटं मला कुणी मागितली तर मी भांडेन. ही पोर चेंडू झेलताना चेंडू येऊन गेल्यावर टाळी वाजवते. झोप आली की तिचा डावा डोळा किंचित नाकाकडे सरकतो. मी ते वर्षभर बघते आहे आणि म्हणते आहे, झोप आली माझ्या सोन्याला.

डॉक्टरकडून आले त्या संध्याकाळी मुलीने विचारलं, "आई, शुं कह्युं डॉक्टरे?" ती घरातही आता निम्मं गुजराती बोलते. मी म्हटलं, नंबर वाढलाय. गेल्या रविवारी मी माळ्यावरून तुमचं ते लाल खेळणं काढलं. पुसलं. खटका अजून चालतो. आधी मी बघितलं, मग टेबलावर ठेवलं. नातीने उचलून डोळ्यांना लावलं. मी विचारलं, छान आहे ना? ती म्हणाली, छान आहे. मग माझ्या मुलीने घेतलं आणि ओरडली, "आई गं, सोंड बघ ने, बाहेर आली!" आणि तिचा हात पुढे गेला, अगदी तिच्या आजीसारखा. नात आधी तिच्या आईच्या हाताकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. तिला काहीतरी विचारायचं होतं. आणि बाबा, मी हसले आणि चहा टाकायला उठून गेले.

सांगितलं तर मुलगी दुसऱ्या दिवशी नातीला डॉक्टरकडे नेईल, आणि पहिला प्रश्न विचारेल की मग तू हिला स्कूटरवर कशी नेतेस. हा एवढाच अडथळा आहे. मी तो कितीही बाजूंनी बघितला, डोकं हलवून बघितलं, तरी तो एवढाच राहतो. तुमच्या क्रेनवर निदान घर चालत होतं. माझी तर दहा मिनिटं आहेत. आज सकाळीही मी तिला बालवाडीत सोडलं. हळू चालवली, सगळ्यांच्या मागून, रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. उतरल्यावर तिने मला डबा धरायला दिला आणि मी सवयीने म्हटलं, खाली ठेव, मग मी घेते. तिने शहाण्यासारखा खाली ठेवला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच आहे. घडी करून लाल खेळण्याच्या खोक्यात ठेवते. आता पाच वाजलेत, मुलगी सहाला येईल. तोंडाने सांगायला जमत नाही हे कबूल करते. खोका मी माळ्यावर ठेवलेला नाही, टेबलावर ठेवलाय.