डाव्या पायाचं काम

१० जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून मामी म्हणेल, पोरीचा फोन बिघडला की डोकं. दोन्ही शाबूत आहेत. नव्या गाड्यांच्या शेडमध्ये फोन दारातच काढून घेतात, म्हणून जेवणाच्या सुट्टीत कागद घेतला.

आमची कंपनी तुझी लाडकी लाल दोनसीटर बनवणं बंद करणार हे कानावर आलंच असेल. धुराचे नवे नियम त्या जुन्या इंजिनाला झेपत नाहीत. तिच्या जागी काय आणायचं, यावर वर्षभर चर्चेचं गुऱ्हाळ चालू आहे. साहेबांना हायब्रिड हवी. म्हणजे इंजिनाच्या जोडीला मोटर न् बॅटरी, गिअर आपोआप पडणार. गाडी चांगली आहे, पण जड आणि महाग. मी म्हणते छोटं टर्बो इंजिन बसवा, क्लच आणि हातातला गिअर राहू द्या, म्हणजे पगारदार माणसाला परवडेल. बाकीचे वाद घालून दमले आणि साहेबांच्या बाजूला गेले. मीही दमलेय.

पण तुझ्या दुकानातल्या औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं त्या गाडीचं चित्र मी लहानपणापासून पाहतेय. आधी आजीचं आजारपण, मग मुलांची शिक्षणं, मग घर. आता कुठे तुझी पाळी आली, तर गाडीच आवाक्याबाहेर जाणार. हे मला सहन होत नाही.

महिनाअखेर शेवटची बैठक आहे. त्याआधी टर्बोची नमुना गाडी तू साहेबांसमोर चालवून दाखव. परवानगी काढलीय. कधी येतोस?

तुझा लोभ आहे म्हणून तर हट्ट करते.
तुझी पिपाणी

१७ जून

चि. पिपाणीस,
अनेक आशीर्वाद.

दुकानात साठ्याची मोजणी निघाली आहे, त्यात मला सर्दी. इतक्यात येणं जमेलसं दिसत नाही. हल्ली बसनंच जातो, पार्किंगची कटकट नको.

तू गाडी शिकत होतीस तेव्हा शेजारी बसून मी माझ्या बाजूला नसलेला क्लच दाबायचो, आठवतं? तू हसायचीस आणि हॉर्न वाजवायचीस. तेवढ्या वेळात इंजिन बंद पडायचं.

एका गाडीपायी जिवाचं रान करू नकोस. आणि हायब्रिड तरी काय वाईट?

रागावलीस तरी लोभ असू दे.
मामा

२५ जून

चि. पिपाणीस,
आशीर्वाद.

सर्दीबिर्दी काही नव्हती. गेल्या थंडीपासून डावा गुडघा क्लच दाबू देत नाही. एकदा सिग्नलला पाय निसटला आणि गाडी पुढच्या गाडीवर टेकली. कुणाला लागलं नाही, पण मी घाबरलो. गाडी थोरल्याला देऊन टाकली. डॉक्टर म्हणतात, झीज आहे. दिवसभर लोकांना गुडघ्याची मलमं देतो आणि स्वतःचं लपवतो. मामीलाही परवाच सांगितलं.

साहेबांसमोर तुझं हसं झालं असतं, म्हणून आलो नाही. खरं सांगायचं तर आता मला चालवता येईल अशी गाडी तुझ्या साहेबांचीच. तू इतकी भांडत होतीस, त्यामुळे लिहायला हात धजेना.

माया पातळ करू नकोस.
मामा

२८ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

जिंकलो मामा. टर्बो ठरली, क्लचसकट. आकडे सांगून कुणी ऐकेना, तेव्हा मी तुझं कपाट सांगितलं. हिशेबवाल्या बाई सारख्या घड्याळाकडे बघत होत्या, त्या थांबल्या. साहेब म्हणाले, पहिल्या गाडीची किल्ली त्या मामांच्याच हातात द्यायची. आता मी दोन दिवस नुसती झोपणार आहे.

तुझी पिपाणी

ता. क. पाकीट चिकटवणार तोच तुझं पत्र आलं. वरचं फाडून टाकावंसं वाटलं, पण नव्यानं लिहायचं त्राण नाही. ज्याच्या नावानं भांडले, त्यालाच ती गाडी चालवता येणार नाही. हायब्रिड काय वाईट, असं तू विचारलं होतंस, ते मी हसण्यावारी नेलं. तुझा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. आता साहेबांना काय तोंड दाखवू?

५ जुलै

चि. पिपाणीस,
अनेक आशीर्वाद.

साहेबांना काही सांगू नकोस. माझ्याएवढा पगार आणि धड गुडघे असलेला कुणीतरी असेलच, त्याच्याही कपाटात चित्र असेल. ही गाडी त्याची.

मला वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? चित्र मात्र काढलेलं नाही. तिथला रंग उडालाय, उगाच कपाट वाईट दिसेल.

पहिल्या गाडीची किल्ली तूच घे आणि मला फिरवायला ये. मामी म्हणते, त्या गाडीत इतक्या खालच्या सीटवर बसाल खरे, पण उठवायला दोघं लागतील. तुम्ही दोघी आहातच.

मी शेजारी बसेन. तू गिअर टाकशील तेव्हा सवयीनं माझाही डावा पाय दाबला जाईल. तिथे नुसती चटई असते, ती दाबताना गुडघा दुखत नाही.

वाट पाहणारा,
मामा