एकतिसावा नंबर

मोहाचा पाडा, ता. त्र्यंबकेश्वर
६ एप्रिल २०२५

ती. सोमनाथदादास,
शि. सा. न. वि. वि.

इथे फोनला रेंज नाही, म्हणून दूधवाल्या लखनजवळ पत्र देते. तू कारखान्याच्या कॅन्टीनचं जेवून गलेलठ्ठ झाला असशील, अशी शकुमावशी रोज चिंता करते. आई गेल्यावर तिने आपल्याला भरवलं, त्यामुळे तुझ्या पोटावर अजून तिचाच हक्क आहे.

टँकर आता तिसऱ्या दिवशी येतो आणि विहिरीत पाणी ओतून जातो. तुझ्या वेळची रीत अजून आहे. हंडा रांगेत ठेवला की बाई स्वतः उभी असल्यासारखीच, आणि जिचा पहिला नंबर ती आधी म्हाताऱ्या मावशीचा हंडा भरते. पण परवा चतुराबाई आणि पुतळाबाईची जुंपली. पुतळाबाईचं म्हणणं, तिचा हंडा मागं सारला. चतुराबाई म्हणे, हातबी लावला नाय. एकमेकींच्या शेतात भाताची आवणी करणाऱ्या बायका, पण पुतळाबाईच्या कपाळाला तीन टाके पडले. अंगणवाडीची बाई म्हणून सगळे माझ्याकडे बघतात. मी काय करू? मला भीती वाटते, दादा.

वहिनीला नमस्कार. दोन ओळी लवकर लिही, म्हणजे बरं वाटेल.

तुझी,
मंगल


ओझर
११ एप्रिल २०२५

चि. सौ. मंगल हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. मावशीला सांग, पोट सुटलेले नाही, शर्ट आटला आहे.

भांडणावर उपाय सोपा आहे. आमच्या कॅन्टीनलाही ताटावरून मारामाऱ्या व्हायच्या. मी कुपने सुरू केली आणि सगळे थंड झाले. तू घरटी एक चिठ्ठी कर, नंबर सोडतीने काढ आणि महिनाभर तोच ठेव. एका चिठ्ठीवर एकच हंडा. रांगेत हंडे ठेवण्याची जुनी पद्धत बंद. लिहिलेल्या नंबरापुढे कोणाला तोंड उघडता येत नाही.

तू पाड्यातली शिकलेली आहेस, तुझे ऐकतील. तुझ्या छोट्या आशाला गोड पापा.

तुझा,
दादा


मोहाचा पाडा
२७ एप्रिल २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी युक्ती लागू पडली. चार खेपा झाल्या, एकही भांडण नाही. पण खरं सांगू? बोलणंही नाही. पूर्वी टँकरची वाट बघताना बायका एकमेकींच्या उवा काढायच्या, हसायच्या. आता जी ती चिठ्ठी मुठीत घेऊन वेगळी उभी राहते. चतुराबाईची नवी सून बाळंत झाली आहे, तिलाही कोणी पुढे जाऊ दिलं नाही.

मावशीला सोडतीत एकतिसावा नंबर आला. पंचविसाव्यानंतर पोहऱ्यात गाळच येतो. पहिला नंबर पुतळाबाईचा. तिला मी म्हटलं, रीतीप्रमाणे आधी मावशीचा भर. ती म्हणाली की एका चिठ्ठीवर एकच हंडा, तूच सांगितलंस ना बाई. मी माझ्यातली कळशी मावशीला देते, तर ती अर्धी आशासाठी परत पाठवते. तिचा नंबर मी वर घेऊ का? तू हो म्हण, म्हणजे मला धीर येईल.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
मंगल


ओझर
२ मे २०२५

चि. सौ. मंगल हिस,
अनेक आशीर्वाद.

मावशीचे वाचून वाईट वाटले. पण नंबर बदलू नकोस. एकाला सूट दिली की दहा जण मागतात, आणि ती आपली म्हणून तुझ्याकडेच बोट दाखवतील. पुन्हा डोकी फुटतील. एवढा महिना कळशीवर भागव, पुढच्या सोडतीत बघू. मी पुढच्या रविवारी येतो, मावशीसाठी पाण्याचे दोन जार घेऊन.

काळजी करू नकोस. आमची माया आहेच.

तुझा,
दादा


मोहाचा पाडा
९ मे २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

जार आणू नकोस. शकुमावशी मंगळवारी गेली.

सोमवारपासून दोन दिवस अंगणवाडीचं प्रशिक्षण होतं, म्हणून आशाला घेऊन मी त्र्यंबकला गेले होते. तेवढे दोन दिवस तिला कळशी मिळाली नाही. शेजारच्या वत्सलाबाईकडे ती एकदा लोटा घेऊन गेली होती. वत्सलाबाई म्हणाली, संध्याकाळी बघू. पुन्हा मागायला मावशी गेली नाही. तिचा स्वभाव तुला माहीत आहे.

मी मंगळवारी दुपारी परतले तेव्हा टँकर आलेला होता. माझा बारावा नंबर. तो चुकेल म्हणून मी आधी हंडा भरला, घरी ठेवला आणि मग तिच्याकडे गेले. ती ओटीवर पडलेली होती. अंग गरम होतं, जीव नव्हता. थोडी आधी गेले असते तर ती जिवंत सापडली असती की नाही, हे मला कोणीच सांगू शकत नाही.

आपल्याकडे माणूस गेलं की घरटी एक तांब्या पाणी येतं आणि त्यात त्याला आंघोळ घालतात. सगळ्या बायका आल्या. सगळ्या मोठ्याने रडल्या. चाळीस घरांतून तीन तांबे आले. पुतळाबाई रिकाम्या हाताने आली होती, चतुराबाईसुद्धा. या दोघी भांडू नयेत म्हणून आपण चिठ्ठ्या काढल्या होत्या. आता भांडत नाहीत. शेवटी ओल्या फडक्याने अंग पुसून मावशीला नेलं.

तुला दोष देत नाही. त्यांनाही देता येत नाही. चौथा तांब्या माझा होता. मागे घरात बारा नंबरचा हंडा काठोकाठ भरलेला होता, टँकर पुन्हा शुक्रवारी येणार होता, आशा लहान आहे. ज्या बाईने मला भरवलं तिच्यासाठी मीही एकच तांब्या काढला आणि हंड्यावर झाकण ठेवलं.

लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही.

मंगल