उजळ काच

३ मार्च

स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू, आजपर्यंतच्या:
लाकडी कॅमेरा, एक. लेन्स आणि काच यांना जोडणारे त्याचे घडीचे भाते दोन – पहिला उंदरांनी खाल्ला. तिवई, जिचा एक पाय मुद्दाम आखूड, पायऱ्यांवर उभी राहावी म्हणून. लेन्स बसवायच्या पितळी चकत्या, सात. डोक्यावर घ्यायचं काळं कापड – शिवण हिची, माप माझं. आणि दुधी काच. कॅमेऱ्याच्या पाठीला लागते ती. तिच्यावर चित्र उमटतं, ते बघून फोकस जमवायचा, मग तिच्या जागी फिल्म.

बाजारातल्या दुधी काचेत हल्ली नुसता काळोख दिसतो. म्हणून मी माझी घासली. बारीक पूड, तिच्याहून बारीक, तिच्याहूनही बारीक. आता काचेत लख्ख दुपार! कुणी शिकवलं नाही.

कॅमेऱ्याच्या दुकानदाराला – मी त्याला मधाचं बोट म्हणतो – ही काच हवी आहे. एक नाही, शंभर. वय झालेले फोटोग्राफर रडतात म्हणे, काचेत काही दिसत नाही म्हणून. आकडाही बोलला. इथे लिहीत नाही, दृष्ट लागायची.

५ मार्च

नव्या नाट्यगृहाचं काम. आर्किटेक्ट बाईंना एकच फोटो हवा आहे. रंगमंचावरून, माझ्याकडच्या सगळ्यात रुंद लेन्सने, पुढच्या खुर्चीच्या हातापासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळं धारदार. प्रवेशदालनात भिंतभर लागणार. लोक नाक लावून बघणार.

रुंद लेन्सची खोड अशी, की पुढे जागा गावभर आणि मागे केसाचीही नाही. काच केसभर इकडेतिकडे झाली की मागची भिंत हातची गेली. त्यात काचेवर सगळं इवलंसं, म्हणून सगळंच धारदार वाटतं. नवखा तिथेच फसतो. मी भिंग लावून दोनदा बघितलं. लख्ख होतं.

८ मार्च

लख्ख नव्हतं.

बाईंनी मोठा कागद टेबलावर पसरला, शेवटच्या रांगेतल्या एका खुर्चीवरच्या इंग्रजी आकड्यावर बोट ठेवलं. “हा तीन आहे की आठ?” मी म्हणालो, तीन. “आठ आहे. मी समोर उभी राहून लावून घेतलेत.”

उद्घाटन तोंडावर आलंय. पुन्हा काढतो म्हणालो. त्यांनी विचारलं, सोबतीला आणखी कुणी बघू का? अगदी हळू विचारलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

लेन्सच बिघडली असणार.

९ मार्च

लेन्स उघडली, मोजली, बसवली. खोट नाही. चकतीतही नाही.

१० मार्च

मेहुणा जेवायला आला होता. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे जगातलं प्रत्येक दुखणं त्याला डोळ्यांतच दिसतं. “दाजी, लेन्स कसली खोलताय? तुमचे डोळे खोलून बघू या. घरचे म्हणून फुकट.” मी म्हटलं, तू आधी दुकानाच्या पाटीवरचं शुद्धलेखन तपास. यावर ही म्हणाली, चष्मा लावला म्हणून कुणाचा मुकुट खाली पडत नाही.

ताट अर्धं टाकून उठलो. नंतर भूक लागली, पण मागणार कोण!

११ मार्च

गेलो त्याच्याकडे. उजवा डोळा बघताना तो थट्टा करायचा थांबला. तेव्हाच कळलं. मोतीबिंदू वाटतोय, म्हणाला, डॉक्टरांना दाखवा, उशीर करू नका. “दाजी” म्हणालाच नाही.

उजव्यानेच तर बघतो मी सगळं. डोळा गेला तर माझ्याकडे उरतं काय? हात. हात काय, भाते शिवतील!

मग एक शंका आली, ती मात्र जात नाही. डोळा अंधुक असेल तर फोकस कधी पुढे चुकावा, कधी मागे. मी जुने फोटो काढून बघितले, ही काच बसवल्यापासूनचे. सगळे एकाच बाजूला चुकलेत. आंधळ्याचे सगळे दगड एकाच झाडाला लागत नाहीत.

१२ मार्च

बोळाच्या टोकाला वर्तमानपत्र लावलं. काच ज्यावर पुढेमागे सरकते त्या कॅमेऱ्याच्या रुळावर पट्टी चिकटवली. मी फोकस जमवला, खूण केली. मग हिला बसवलं. तिने जमवला, खूण माझ्यापासून चांगली लांब. मेहुण्याला बोलावलं. त्याची खूण तिसरीच. आणि तिघेही शपथेवर सांगतो म्हणतात, आपलंच बरोबर!

मग जुनी बाजारची काच बसवली. काळोखी, खरखरीत. दोघांच्या खुणा एकावर एक. मला धड काही दिसलं नाही.

समजलं. चित्र काचेवर बसायला खरखर लागते. मी ती उजेडाच्या हावेपायी घासून घालवली. आता डोळा काचेवर थांबतच नाही, आरपार जातो आणि स्वतःला सोयीचं असेल तिथे चित्र पकडतो. ज्याचा जसा डोळा तसा त्याचा फोकस. माझी काच खोटं बोलते – आणि तेही प्रत्येकाच्या मनासारखं.

डोळ्यांचा दोष नाही म्हणून क्षणभर गार वाटलं. मग शंभर काचा आठवल्या. ही म्हणाली, “त्याला सांगणार आहेस ना?” मी म्हटलं, बघू. तिने भांडी जोरात लावली.

१५ मार्च

नाट्यगृह. जुनी काच घेतली. तिच्यात मला दिसत नाही, मग बघायचंच नाही असं ठरवलं. उलटं केलं. काचेवर पेन्सिलने फुली काढली, मागून जोरदार टॉर्च धरली, सगळे दिवे बंद. फुली लेन्समधून निघून थेट शेवटच्या भिंतीवर पडली, माझ्याएवढी उंच! मी भिंतीला नाक लावून उभा. ही रंगमंचावर, कॅमेऱ्यापाशी, फोकसची खुंटी फिरवत. “अजून... अजून... गेलीस पुढे. ये मागे.” एवढ्या मोठ्या रेघेची कड मोतीबिंदूलाही दिसते. “थांब!”

तिने खूण केली. मग पुढच्या खुर्चीपाशी पुठ्ठा धरून तसंच. दोन खुणांच्या मधोमध तिनेच फोकस कसला, लेन्सचं छिद्र बारीक केलं, फोटो घेतला. कॅमेऱ्याला आज मी हात लावला तो फक्त फिल्म घालायला. निघताना ही म्हणाली, मजुरी काढ.

१७ मार्च

बाईंनी त्याच खुर्चीवर बोट ठेवलं. आठ. कुणी विचारायच्या आधीच मी म्हणालो. त्यांनी विचारलं, या वेळी वेगळं काय केलं? म्हटलं, बायकोने फोकस केला. त्यांना थट्टा वाटली.

मधाचं बोट परवा करार घेऊन येतोय.

१८ मार्च

डॉक्टर. ऑपरेशन करायचंच आहे. खर्चाचा कागद हिने घडी घालून पर्समध्ये ठेवला. कराराबद्दल तिने विचारलं नाही, मी बोललो नाही.

१९ मार्च

तो आला. मी त्याला सगळं दाखवलं – बोळ, वर्तमानपत्र, तीन खुणा. चौथी त्याची, त्यालाच करायला लावली. तो हसला. “साहेब, उजळ दिसतंय ना? झालं. फोटो बिघडला तर माणूस काचेला नाही, आपल्या डोळ्यांना दोष देतो.” आणि करारावरचा आकडा खोडून नवा लिहिला.

आधी सहा लाख होते. खोट कळल्यावर नऊ. नको म्हटलं.