एक्केचाळीस नंबरचा दगड

५ फेब्रु., सोमवार
सकाळी म्युझियममधून हेलनचा फोन. पोरगी फार गोड बोलते, म्हणूनच धडकी भरते. कॅन्यनमधल्या त्या लहान मुलाची हाडं परत न्यायला तिथल्या मूळ रहिवाशांची माणसं याच महिन्यात येतायत. पन्नास वर्षांपूर्वी ती कबर मीच उघडली होती. मी म्हटलं, फार छान, उशीरच झाला. आणि खरंच तसं वाटतं मला.

मग म्हणाली, "तुमच्या उत्खननाच्या वहीत एक छोटीशी शंका आहे. वस्तूंच्या यादीत एक्केचाळीस नंबर खोडलाय आणि समोर नुसतं 'दगड' लिहिलंय. काही आठवतं का?"

"नाही गं. वय झालं."

वय बिय काही नाही. एक्केचाळीस नंबर त्या क्षणी माझ्यापासून सहा फुटांवर, देव्हाऱ्यात, माझ्या नवऱ्याच्या, श्रीच्या हातून आंघोळ करून घेत होता.

६ फेब्रु., मंगळवार
झोप नाही. लिहूनच टाकते, म्हणजे स्वतःशी तरी खोटं बोलायला नको.

काळा दगड. हाताच्या पंजाएवढा. दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं बाळ कोरलंय, डोळे मिटलेले. कबरीत त्या मुलाच्या खांद्याशी होता. आमचं पहिलं बाळ मी त्याच वर्षी मार्चमध्ये इथे हॉस्पिटलात घालवलं होतं, सातव्या महिन्यात. जूनमध्ये परत साइटवर. सगळे म्हणाले, कामात मन रमेल. कबर उघडली आणि तो चेहरा दिसला. दिवसभर बाकीच्या वस्तू मोजल्या, मापं घेतली, चित्रं काढली. संध्याकाळी दगड मोज्यात घातला आणि मोजा बॅगेत.

चोरी केली. हा शब्द आज पहिल्यांदा लिहिला.

श्रीला सांगितलं, तिथल्या लोकांनी भेट दिली. त्याने सासूबाईंच्या अन्नपूर्णेशेजारी ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला 'तान्हा' म्हणायला लागला. अनघा नंतर चार वर्षांनी झाली, पण घरात थोरला तान्हाच. मी देव मानत नाही, कधी हात जोडले नाहीत. उचलून परतही केला नाही.

८ फेब्रु., गुरुवार
श्रीने आज मला ताई म्हणून हाक मारली. त्याची ताई जाऊन बारा वर्षं झाली. खिडकीतून बघून विचारतो, वॉटफर्ड गेलं का मागे? जणू आपण गाडीत बसलोय. चहात मीठ. शर्टावर शर्ट.

पण आठ वाजले की माणूस एकदम जागेवर येतो. कोमट पाणी, तान्ह्याची आंघोळ, पंचाच्या तुकड्याने कानामागेसुद्धा पुसणं, कुंकवाचा ठिपका, चमचाभर दूध. एक गोष्ट चुकत नाही. त्याच्या उदबत्तीने स्मोक अलार्म बोंबलतो म्हणून मी बॅटरी काढून ठेवलीय. नर्स म्हणाली, हे एवढं चालू आहे तोवर चालू ठेवा, हाच खुंटा आहे त्यांचा.

खुंटा चोरीचा आहे, हे नर्सला कुठे माहीत.

१० फेब्रु., शनिवार
अनघाचा ग्लासगोहून फोन. तिला सगळं सांगितलं.

"आई, जस्ट गिव्ह इट बॅक ना. बाबाला दुसरी मूर्ती घेऊन दे. ही वोन्ट नो."

"कळेल त्याला."

"आणि तुझं ते फेमस लेक्चर? 'ज्याचं त्याला द्या'? मी शाळेत असताना सगळ्या फ्रेंड्सना दाखवला होता तो व्हिडिओ. आय वॉज सो प्राऊड."

फोन ठेवला. ते लेक्चर मी वीस-बावीस ठिकाणी दिलं असेल. आपल्याकडून इथे आणलेल्या मूर्तींवरून गोऱ्यांना चांगलं फैलावर घ्यायची, टाळ्या घ्यायची, आणि घरी येऊन देव्हाऱ्याशेजारी भात लावायची. डिपार्टमेंटच्या जिन्यात अजून माझा फोटो आहे, खाली 'पायोनियर'. कसली पायोनियर! मला लाज वाटते. शरम.

१२ फेब्रु., सोमवार
काल वेम्बलीला जाऊन आले. ईलिंग रोडवर पितळेचा बाळकृष्ण घेतला, चांगला वजनदार. दुकानदार गुजरातीत म्हणाला, "बेन, घर माटे? सरस छे." हो, घरासाठीच, म्हटलं. आज सकाळी आठच्या आधी तान्हा उचलून पिठाच्या डब्यात लपवला आणि कृष्ण बसवला.

श्रीने कृष्णाला नमस्कार केला. "छान आहे. कुणाचा?" म्हणाला, आणि कोपऱ्यात सरकवला. मग शोधायला लागला. चपलांचं कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन. पायजम्यावर कोट चढवून रस्त्यावर निघाला. समोरचा डेरेक धरून परत घेऊन आला. "रडत असेल गं," एवढंच म्हणत होता. "कुणी उचललं असेल का?"

पिठाचा डबा उघडला. श्रीने तान्ह्याच्या नाकातलं पीठ फुंकून काढलं आणि माझ्याकडे असं बघितलं की, बाई, तुला साधं एक मूल सांभाळता येत नाही.

१४ फेब्रु., बुधवार
प्लास्टरची नक्कल केली. असल्या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं एकेकाळी. साचा उत्तम निघाला, वर काळं बूटपॉलिश. शेजारी शेजारी ठेवले तर हेलनसुद्धा फसली असती. दिसायला जुळी भावंडं.

श्रीने हातात घेतला आणि लगेच म्हणाला, "हा गार नाही." तरी आंघोळ घातली. आलेल्याला परत कसं पाठवायचं, असा त्याचा स्वभाव. दुपारपर्यंत प्लास्टर भिजून नाक गेलं, ओठ गेले. पॉलिशने त्याची बोटं काळी. "बरं नाही ह्याला," म्हणाला आणि रुमालात गुंडाळून रेडिएटरवर निजवलं.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. नक्कल फेकून द्यायचा धीर झालेला नाही. रेडिएटरवरच आहे.

१७ फेब्रु., शनिवार
हेलन पुन्हा. आलेल्यांत लोरेन म्हणून बाई आहेत, त्यांच्या समाजातल्या वडीलधाऱ्या. त्यांना मला भेटायचंय, माझ्या घरी. काय कारण देणार? या म्हटलं. मंगळवारी चार वाजता.

त्या दिवशी तान्हा कपाटात ठेवीन. तासाभराचा तर प्रश्न.

२० फेब्रु., मंगळवार
लोरेन माझ्याच वयाच्या. जाड वेणी, गुडघे दुखतात, खुर्चीत बसताना माझ्यासारख्याच कण्हल्या. मी पोहे केले होते. श्री दुपारचा झोपलेला.

बराच वेळ हवापाण्याचं झालं. मग म्हणाल्या, "तुम्ही लाल स्कार्फ बांधायच्या."

मी गारच पडले. म्हणाल्या, "आम्ही तारेच्या पलीकडून बघायचो. मी, माझी आजी. आजीने तुम्हाला हाक मारली होती. तुम्ही हात हलवलात आणि परत खणायला लागलात."

मला आठवलं. खरंच आठवलं. तारेपलीकडे दोन बायका. मला वाटलं होतं, कौतुकाने बघायला आल्यात.

"बाकीच्यांना आजीने कधी हाक मारली नाही. म्हणाली, ही बाई आपल्यासारखी सावळी आहे, हिला कळेल."

मी पोह्यांकडे बघत बसले. तेवढ्यात श्री उठून आला. पाहुणे बघून चेहरा खुलला, एकदम पूर्वीचा यजमान. आणि माझ्या डोळ्यांसमोर देव्हाऱ्याकडे गेला, देव्हारा रिकामा बघून सरळ कपाट उघडलं (कुठे ठेवते ते बरोबर हेरलं होतं!), आणि तान्हा आणून लोरेनबाईंच्या ओंजळीत ठेवला.

"धरा. आमचा थोरला."

मी इंग्रजीत सांगितलं. सगळं. मार्च, जून, मोजा, वहीतली खाडाखोड. दहा मिनिटंही लागली नाहीत. पन्नास वर्षं जे बाळगलं ते इतकं लहान निघालं. लोरेनबाईंनी अंगठ्याने त्याच्या कपाळावरचं कुंकू चाचपलं. मग उठल्या, गुडघ्यावर हात टेकत, आणि श्रीबरोबर जाऊन स्वतः देव्हाऱ्यात ठेवला. श्रीने दाखवलं, तोंड इकडे, उजेडाकडे.

दारात म्हणाल्या, "आमच्यात लहान मुलाला एकटं पाठवत नाहीत. हा त्याचा सोबती. तुमच्या नवऱ्याने नीट सांभाळलंय, ते मी घरी सांगेन. पण ते पोर पन्नास वर्षं ड्रॉवरमध्ये एकटं आहे."

"मी काय करू?" मी विचारलं. लहान मुलीसारखं.

"त्याची पेटी शुक्रवारी दुपारी म्युझियममध्ये बंद होईल. तोवर मी हेलनला काही बोलत नाही."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२१ फेब्रु., बुधवार
अनघाला फोन. म्हणाली, शुक्रवारी मी येते, रात्री पोचते, ट्रेन बघते. "यू डोन्ट हॅव टू डू इट अलोन." पण पेटी दुपारी बंद होणार.

दिवसभर पाऊस. श्रीच्या मागे मागे फिरले. तो नुसता बसला तरी हात मांडीवर असे असतात, काहीतरी धरल्यासारखे.

२३ फेब्रु., शुक्रवार
सकाळ. बुटांचा एक जुना खोका काढला, आत कापूस. आठ वाजता श्रीने पाणी तापवलं. आज मी शेजारी उभी राहिले, पंचा हातात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मग सांगितलं, मराठीत, सोप्या शब्दांत.

"श्री, तान्हा कुणी दिला नव्हता. मी चोरून आणला. एका लहान मुलाजवळचा."

तो कानामागे पुसत होता. किती पोचलं कोण जाणे.

"त्या मुलाकडे आता कोण आहे?"

"कुणी नाही."

कुंकू लावलं. दूध दाखवलं. मग कोरड्या पंचात गुंडाळून माझ्या हातात दिला. म्हणाला, "मग ने जा. थंडी आहे, नीट झाक. संध्याकाळच्या दुधाला परत आण."

मी हो म्हटलं. तान्ह्यापायी श्रीला मारलेली ही दुसरी थाप. पहिली पन्नास वर्षं टिकली. ही संध्याकाळपर्यंतच टिकणार.

डेरेक बसलाय श्रीपाशी. टॅक्सी आली, ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. खोका रिकामाच आहे, तान्हा माझ्या मांडीवर, आंघोळीच्या पाण्याने अजून कोमट. उठायला हवं.