पडद्यावर वेळेवर पोचलेली मावशी

प्रिय ताई,

काल फोनवर तू म्हणालीस, "सिनेमा परत पाहिला गं. त्यात आपली पोर वाचते." आणि रडायला लागलीस.

त्या मुखवटेवाल्या खुन्यावर मी पुस्तक लिहिलं, त्यावर सिनेमांची मालिका निघाली. पहिल्याच भागात धडाडीची पत्रकार मावशी दार फोडून भाचीला बाहेर ओढते. खरं काय घडलं, ते आज लिहिते.

त्या दुपारी तिनं मला फोन केला होता. "मावशी, तो अंगणात उभा आहे." मी म्हटलं, "कडी लाव, निघालेच." पोलिसांना कळवलं नाही, बातमी आधी मलाच हवी होती. कॅमेरामन बॅटरी चार्ज करत होता. त्याच्यासाठी वीस मिनिटं थांबले, ताई. तेवढ्यात केसही विंचरले.

पोचले तेव्हा दार सताड उघडं होतं.

तिचा फोन आलाच नाही, असं मी पुस्तकात ठोकून दिलं.

इथवर लिहून हे पत्र टाकायला दोनदा जिना उतरले आणि परत आले. तुझा जीव तुटेल म्हणून, असं मनाला सांगते. खोटं आहे ते. आई गेल्यावर मला तुझ्याशिवाय कुणी नाही, आणि तुला गमवायची माझी छाती होत नाही.

तुझी,
धाकटी