सासऱ्यांचं सेफ्टी ऑडिट

३ फेब्रुवारी, सोमवार

शनिवारी बाबा बाथरूममध्ये घसरले. बाबा म्हणजे माझे सासरे. वय ब्याऐंशी, जन्मभर टेलरिंग, आता एकटेच राहतात. हाड मोडलेलं नाही, कोपर सुजलंय. त्यांना घरी किती मदत लागेल ते ठरवायचंय. बायकोचं मत, आंघोळीपुरता एखादा माणूस ठेवू. मी हसलो. कारखान्यात जन्म गेला सेफ्टी ऑफिसर म्हणून. गरज अशी अंदाजाने ठरवत नाहीत, पाहणी करून ठरवतात. रिटायर झाल्यापासून वेळही आहे. तिची बँक असते, ती शनिवार-रविवार येईल. मी उद्यापासून बाबांकडे मुक्कामाला. मी बॅग भरताना म्हणाली, जा, पण त्यांना फार छळू नका. कुणाबद्दल बोलत होती, कळलं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दार बाबांनी स्वतः उघडलं. (गंभीर चूक. बेल वाजली की घाई, घाई झाली की अपघात. किल्ली माझ्याकडे घेतली.)

सर्वांत मोठा धोका हॉलमध्येच, खिडकीशी: पायाने चालवायचं शिलाई मशीन. सुई, कात्री, पायडल, सगळं एका ठिकाणी. बाबा अजून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पँटी आखूड करून देतात. मशीन ढकलत पलंगामागे नेलं, वर चादर टाकली. बाबा जरा वेळ चादरीकडे बघत होते. मग म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं, जावईबापू.

इतका समंजस माणूस कारखान्यात एकही भेटला नाही.

५ फेब्रुवारी

नियम एक: मी जवळ असल्याशिवाय खुर्चीतून उठायचं नाही. उठावंसं वाटलं तर शिट्टी वाजवायची. शिट्टी माझीच, कारखान्यातली, त्यांच्या गळ्यात घातली. दिवसभरात एकदाही वाजली नाही. संकोच करतात. दुपारी माझा जरा डोळा लागला होता, उठून बघतो तर बाथरूमची स्लीपर ओली. नियमभंग. प्रेमाने समजावलं, अर्धा तास.

७ फेब्रुवारी

बाबांचा हात थरथरतो, म्हणून आजपासून दाढी मी करणार. हनुवटीवर बारीकशी चीर. ब्लेड निकृष्ट.

शर्टही मीच घातला. संध्याकाळी लक्षात आलं, बटणं एक घर चुकून लागली होती. सकाळपासून तसेच बसले होते. सांगितलं का नाहीत, विचारलं. म्हणाले, तुम्ही इतक्या मनापासून लावलीत.

टेलरच्याही नजरेतून बटण सुटतं, याची नोंद केली. दृष्टी तपासून घ्यायला हवी.

८ फेब्रुवारी, शनिवार

ही आली. बापलेक स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत बसले. मी डोकावलो तर गप्प. नंतर मला म्हणाली, बाबा इतके बसून का असतात? त्याला विश्रांती म्हणतात, मी सांगितलं. म्हणाली, कोपर सुजलंय, पाय नाही. हिला सेफ्टीतलं कळत नाही, तो तिचा दोष नाही.

१४ फेब्रुवारी

जे म्हणत होतो तेच झालं. माझ्या खांद्याचा आधार घेतल्याशिवाय बाबांना आता खुर्चीतून उठता येत नाही. आलो त्या दिवशी दारापर्यंत चालत आले होते. काय झपाट्याने घसरण आहे. मी वेळेवर पोचलो नसतो तर काय झालं असतं, विचार करवत नाही.

निर्णय: आंघोळीपुरता माणूस वगैरे पोरखेळ. दिवसाचा एक, रात्रीचा एक आणि दोघांवर मी. तक्ता करायला घेतला. हिला फोनवर सांगितलं. म्हणाली, मी बाबांना कुणाला तरी दाखवते.

२० फेब्रुवारी

नवीन लक्षण. आज शनिवार का, असं बाबांनी सकाळपासून तीनदा विचारलं. गुरुवार आहे. विस्मरण सुरू झालं. तक्त्यात तसा रकाना वाढवला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ही एका फिजिओथेरपिस्ट बाईंना घेऊन आली. वय पोरसवदा. मी माझा अहवाल पुढे केला. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि बाबांना उठायला सांगितलं. बाबांनी सवयीने माझ्याकडे बघितलं. बाई म्हणाल्या, त्यांच्याकडे नको, पायांकडे बघा. जमलं नाही.

पडण्याआधी दिवसभर काय करायचात, त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, सकाळी दोन जिने उतरून दूध आणायचो, दुपारी मशीन, संध्याकाळी बाग. आणि आता? मी म्हणालो, आता पूर्ण विश्रांती.

बाई म्हणाल्या, कोपर कधीच बरं झालंय. पाय गेलेत ते खुर्चीने. कुणालाही इतके दिवस बसवून ठेवलं तर हेच होईल. दिवस-रात्र माणसांची गरज नाही. सकाळी आंघोळीला तासभर एक मदतनीस, बाथरूमच्या भिंतीला धरायला दांडी, मशीन परत खिडकीशी. बाकी सगळं त्यांचं त्यांना करू द्या, कितीही वेळ लागला तरी.

ही बाबांवर चिडली. आधी का नाही बोललात म्हणाली. बाबा म्हणाले, अगं, ते जावई. मुलगा असता तर दोन शब्द सुनावले असते. जावयाला नाही कसं म्हणायचं?

हिने मशीनवरची चादर ओढून काढली आणि घडी घालत बसली.

एकंदरीत मी समाधानी. निर्णय व्हावा हाच पाहणीचा हेतू होता, तो झाला. रात्री जेवण गेलं नाही. दुपारचं ऊन बाधलं असावं.

२८ फेब्रुवारी

मदतनीस येतो, तासाभरात जातो. मशीन मीच परत ढकललं. बाबांनी पायडलवर पाय ठेवले, थोडं हललं, थांबलं, परत हललं. मला बाईंनी काम दिलंय: हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. बाबांनी मोजे घातले. एक पायात चढेपर्यंत बाहेरचं ऊन सरकलं. दोनदा माझा हात पुढे गेला, दोनदा परत घेतला. दुसरा मोजा चढल्यावर मला म्हणाले, दमलात का?

दमलो होतो.

१४ मार्च, शुक्रवार

बाबा आज पहिल्यांदा जिने उतरून बागेपर्यंत गेले. मी दहा पावलं मागे राहायचं, बोलायचं नाही, असं ठरलंय. तरी जबाबदारीच्या जागी असल्यामुळे ताठ चालत होतो. बाकावर त्यांचे एक जुने मित्र बसले होते, काठीवाले, वयाने बाबांहूनही मोठे असतील. त्यांनी माझ्याकडे मान करून विचारलं, हे कोण?

बाबा म्हणाले, आमचे जावई. हल्लीच रिटायर झालेत. घरात बसून फार विचार करतात, म्हणून जरा फिरवून आणलं.

मित्रांनी मला नीट न्याहाळलं. मग काठी टेकत उठले आणि मला जागा करून दिली.

बसलो.